पोटाला अन्न आहे, हाताला काम नाही

रमजान सुरू झाला की घराघरांत दिवसाची मांडणी बदलते. पहाटे सहेरी, मग फज्रची नमाज, मग ज्याचे जे असेल ते काम. कुणाचे दुकान, कुणाची रिक्षा, कुणाचा कारखाना, कुणाची शाळा. दुपार कलली की स्वयंपाकघरात लगबग, मगरीबला इफ्तार, रात्री तरावीह. उन्हाळ्यातल्या रोज्याबद्दल कोणत्याही कामकरी माणसाला विचारा, तो हेच सांगेल की कामात असलो की तहान आठवत नाही, पण सुट्टीच्या दिवशी घड्याळाचा काटा हलत नाही. पोट दोन्ही दिवशी रिकामेच असते. फरक असतो तो दिवस भरलेला आहे की रिकामा, याचा.

हा फरक आज जगातल्या लाखो माणसांच्या आयुष्याचा प्रश्न झाला आहे. युद्ध, छळ किंवा हुकूमशाहीपासून जीव वाचवून दुसऱ्या देशात पोहोचलेला माणूस तिथल्या सरकारकडे आश्रय मागतो. त्याचा अर्ज मंजूर झाला की तो कायद्याच्या भाषेत निर्वासित ठरतो. निकाल लागेपर्यंत तो असतो आश्रयार्थी, म्हणजे दाराशी थांबलेला. हे थांबणे काही महिन्यांचे असते, अनेकदा वर्षांचे होते. या काळात श्रीमंत देश त्याला छत देतात, जेवण देतात, डॉक्टरही देतात. पण बहुतेक ठिकाणी एक गोष्ट काही काळापुरती तरी काढून घेतात, ती म्हणजे स्वतःच्या हातांनी काही करण्याची मुभा. यामागे धोरण असते आणि त्याची किंमत आश्रयार्थी आणि यजमान देश असे दोघेही मोजतात. ती कशी, हे पाहण्यासाठी ब्रिटनपासून सुरुवात करू.

हॉटेलातली प्रतीक्षा

‘हॉटेल’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चैन येते. ब्रिटनमध्ये आश्रयार्थींना ठेवतात ती हॉटेले तशी नाहीत. एका खोलीत एक कुटुंब, किंवा एकमेकांची भाषाही न कळणारे दोन-तीन पुरुष. खोलीत चूल नाही. जेवण ठेकेदाराकडून येते, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या चवीचे. जून २०२५ अखेर अशा हॉटेलांत ३२ हजारांहून अधिक माणसे राहत होती. २०२३ मध्ये तर हा आकडा ५६ हजारांपर्यंत गेला होता. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस पहिल्या निकालाची वाट पाहणाऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांवर पोहोचली होती. जेवण मिळणाऱ्याला आठवड्याला हातखर्चासाठी साधारण १० पौंड मिळतात. बसचे भाडे, फोनचे रिचार्ज, मुलाची वही, सगळे त्यातच.

२००२ पर्यंत ब्रिटनमध्ये सहा महिने वाट पाहिलेल्या आश्रयार्थीला कामाची परवानगी मागता येत असे. त्या वर्षी ही सवलत बंद झाली. पुढे नियम असा आला की बारा महिने उलटून गेले आणि उशीर अर्जदाराच्या चुकीने झालेला नसेल, तर परवानगी मागता येईल. २०१० पासून मात्र कामही मनुष्यबळाची टंचाई असलेल्या ठरावीक सरकारी यादीतलेच असावे लागते. म्हणजे सुतार, शिंपी, स्वयंपाकी, ड्रायव्हर असलेल्या माणसाने वर्षभर थांबायचे आणि मग आपला धंदा यादीत नाही हे वाचून पुन्हा थांबायचे.

फुकट काम करतो म्हटले तर? तिथेही एक बारीक रेघ आहे. धर्मादाय संस्थेत किंवा सार्वजनिक संस्थेत स्वयंसेवक म्हणून हात लावायला हरकत नाही. पण ज्या कामाला एरवी पगार द्यावा लागला असता, ते बिनपगारी करणे नियमात बसत नाही. ही रेघ शोषण टाळण्यासाठी आहे आणि तिचा हेतू वाईट नाही. पण नियम मोडला तर आपला अर्ज धोक्यात येईल या भीतीने अनेक जण काहीच न करता खोलीत बसतात. इंग्रजीच्या सरकारी खर्चाच्या वर्गासाठीही इंग्लंडमध्ये साधारणपणे पहिले सहा महिने थांबावे लागते. नवीन माणसात शिकण्याची उमेद सर्वांत जास्त असते, ती याच सहा महिन्यांत.

यात स्त्रियांचे नुकसान वेगळे आहे आणि त्याची चर्चा कमी होते. देश सुटला, घर सुटले, तरी आईच्या हाती एक काम शिल्लक राहते, मुलांसाठी चूल पेटवणे. चूल नसलेल्या खोलीत तेही जाते. रमजानमध्ये हे विशेष जाणवते. सुदानची, अफगाणिस्तानची, सीरियाची बाई इफ्तारला आपल्या गावचा पदार्थ करते तेव्हा मुलांना आपण कोण हे न सांगता कळते. पॅकबंद ट्रे उघडून ते कळत नाही. आयर्लंडमध्ये निवृत्त न्यायमूर्ती ब्रायन मॅकमहॉन यांच्या समितीने २०१५ च्या अहवालात आश्रयार्थी कुटुंबांना स्वतः स्वयंपाक करता यावा, अशी शिफारस केली होती. सरकारी अहवालात स्वयंपाकघराला जागा मिळते तेव्हा समजावे की कुणीतरी या माणसांचे नीट ऐकून घेतले आहे.

मारिएंथालचे घड्याळ

रिकामेपण माणसाचे काय करते, याचा सर्वांत नावाजलेला अभ्यास आश्रयार्थींचा नाही, कामगारांचा आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाची कापड गिरणीची वस्ती होती. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळपास सारी वस्ती एका झटक्यात बेकार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी १९३१-३२ च्या हिवाळ्यात तिथल्या ४७८ कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला. १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले.

त्यांना वाटले होते, कामगारांना आता वेळच वेळ आहे, तर ते वाचतील, संघटना करतील, कदाचित बंडही करतील. घडले उलटेच. वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. अनेक पुरुषांनी घड्याळ वापरणेच सोडून दिले. संशोधकांनी रस्त्यावर उभे राहून लोकांची चाल पाहिली, तर पुरुष पुन्हा पुन्हा थांबत, रेंगाळत चालत. बायका झपझप जात होत्या, कारण घरचे काम संपले नव्हते. दिवसभरात काय केले, असे विचारल्यावर पुरुषांना सांगता येईना. मोकळा वेळ आणि रिकामा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मारिएंथालने दाखवले.

याहोडा यांनी पुढे या अनुभवावरून मांडले की काम पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपण एका मोठ्या कामाचा भाग आहोत ही जाणीव, समाजात एक ओळख, आणि हातपाय हलवण्याची सक्ती. ही यादी आश्रयार्थींच्या हॉटेलावर ठेवून पाहा. चौकट आहे, पण ती जेवणाच्या ट्रेची. माणसे आहेत, पण सगळी आपल्यासारखीच अडकलेली. सामायिक हेतू नाही. ओळख आहे ती एका अर्जाच्या क्रमांकाची. आणि हालचालीचे कारण कुणी विचारत नाही. पाचपैकी एकही पुरती मिळत नाही.

स्वतः याहोडा यांना १९३६ मध्ये ऑस्ट्रियात राजकीय कारणाने अटक झाली आणि १९३७ मध्ये देश सोडून इंग्लंडला जावे लागले. तिथे त्यांना काम करता आले, शिकवता आले. त्या पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. रिकाम्या वेळेचे दुखणे जगाला सांगणारी विदुषी स्वतः निर्वासित होती आणि तिचे हात बांधले गेले नाहीत, हेही या कथेत लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आठ वर्षांनी मिळालेला निकाल

ब्रिटनच्या शेजारच्या आयर्लंडमध्ये तर आश्रयार्थींना कामाची पूर्ण बंदी होती. तिथे म्यानमारमधून आलेल्या एका माणसाने २००८ मध्ये आश्रयासाठी अर्ज केला. अर्ज, अपील, पुन्हा अर्ज असे करत आठ वर्षे गेली. ही वर्षे त्याने सरकारी निवासकेंद्रात काढली. राहणे-जेवणे मोफत, आणि आठवड्याला १९ युरो. याच केंद्रात त्याला नोकरी देऊ केली गेली, पण कायद्याने ती स्वीकारता येईना. रिकामेपणाने आपण खचलो आहोत, एवढेच त्याचे कोर्टापुढे म्हणणे होते.

३० मे २०१७ रोजी आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे पूर्ण फेटाळले नाही. सरकार कामावर अटी घालू शकते, काही काळ थांबवूही शकते, हे त्यांनी मान्य केले. पण निकाल लावायला काळाची मर्यादा नसताना बंदीही अमर्याद ठेवणे घटनेला धरून नाही, असे त्यांनी ठरवले. काम हा नुसता पैशाचा मामला नसून माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलेला आहे, हा त्या निकालाचा गाभा. न्यायालयाने सरकारला कायदा सुधारायला मुदत दिली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये बंदी अधिकृतपणे रद्द झाली.

पुढचा भागही बोलका आहे. सुरुवातीला सरकारने इतक्या जाचक अटी घातल्या की परवानगी नावापुरतीच राहिली. वर्षाला ३० हजार युरो पगाराची नोकरी आधी मिळवा, मग या, असा तो प्रकार होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात युरोपीय संघाचे नियम लागू करून नऊ महिन्यांनंतर काम खुले झाले आणि २०२१ मध्ये ही मुदत सहा महिन्यांवर आली. आयर्लंड कोलमडले नाही. बंदी उठवण्यासाठी मात्र एका माणसाची आठ वर्षे खर्ची पडली.

युरोपात इतरत्रही वारे याच दिशेचे आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमात कामासाठी जास्तीत जास्त नऊ महिने थांबवता येत होते. २०२४ च्या नव्या नियमात ही मर्यादा सहा महिने झाली. स्वीडनमध्ये ओळख पटवून देणाऱ्या अर्जदाराला सुरुवातीपासूनच काम करता येते. आश्रयाबद्दल युरोपचे सूर एरवी कडक होत असताना या एका बाबतीत दार थोडे उघडते आहे, कारण बसवून ठेवणे परवडत नाही हे सरकारांना कळू लागले आहे.

मुहाजिर आणि बाजार

रमजानच्या पानावर एक जुना प्रसंग आठवणे वावगे ठरणार नाही, कारण तो नेमका याच प्रश्नाचा आहे. इसवी सन ६२२ मध्ये मक्केतला छळ असह्य झाल्यावर मुस्लिमांनी मदिनेला हिजरत केली. घर, माल, धंदा मागे टाकून आलेले ते मुहाजिर, आणि त्यांना आसरा देणारे मदिनेचे रहिवासी ते अन्सार. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराची एकेका अन्साराशी भाऊबंदकी जोडून दिली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ हे मक्केचे व्यापारी. त्यांचे भाऊ झाले मदिनेचे हजरत साद बिन रबी. साद यांनी आपल्या मालमत्तेतला निम्मा वाटा देऊ केला. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली, वाटा घेतला नाही, आणि इथला बाजार कुठे भरतो एवढेच विचारले. दुसऱ्या दिवसापासून ते पनीर आणि तुपाचा व्यापार करू लागले आणि काही काळातच स्वतःच्या पायावर उभे राहिले.

ही गोष्ट आपल्याकडे सहसा स्वावलंबनाचा धडा म्हणून सांगितली जाते. तो धडा त्यात आहेच. पण तिच्यात मदिनेचाही वाटा आहे. आलेल्या माणसाने बाजार विचारला आणि शहराने त्याला बाजारात बसू दिले. आधी बारा महिने थांब, असे कुणी म्हटले नाही. साद यांची उदारता मोठी होती, पण निर्वासिताला उभे केले ते तिच्यासोबत मिळालेल्या मोकळ्या वाटेने. आजच्या सरकारांची अडचण ही की ती साद यांच्यासारखी थाळी वाढतात आणि बाजाराचे दार मात्र लावून घेतात.

जकातीच्या विचारातही ही दृष्टी आहे. जकात ज्या आठ गटांवर खर्च करायची, त्यात वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. आणि कोकणातले मुसलमान ज्या शाफई परंपरेला मानतात, तिचे थोर इमाम नववी यांचे मत असे की कारागिराला जकात देताना त्याच्या धंद्याची हत्यारे घेता येतील एवढी द्यावी. भुकेल्याला जेवण द्यायचेच, पण हात चालू लागतील असेही काही द्यायचे, हा त्यामागचा विचार.

कॉक्स बझार: दहा लाखांचा रिकामा दिवस

युरोपात प्रश्न महिन्यांचा किंवा वर्षांचा आहे. आपल्या शेजारी बांगलादेशात तो एका पिढीचा झाला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराच्या हल्ल्यांनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून आले. आधीचे आणि नंतरचे धरून आज कॉक्स बझारच्या छावण्यांत दहा लाखांहून अधिक माणसे आहेत. बांगलादेश त्यांना निर्वासितही म्हणत नाही, म्यानमारचे विस्थापित नागरिक म्हणतो. छावणीभोवती काटेरी तार आहे. बाहेर काम करायला कायदेशीर परवानगी नाही. छावणीत लोकांनी स्वतःच चहाच्या टपऱ्या, किराणा, शिंप्याची दुकाने थाटली होती. २०२१ च्या अखेरीपासून काही महिन्यांत प्रशासनाने तशी हजारो दुकाने पाडली. मुलांसाठी म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायलाही २०२१ साल संपत आले होते. २०२५ मध्ये निधी आटल्यावर त्यातली अनेक केंद्रे बंद पडली.

काम नसले की माणूस पूर्णपणे दुसऱ्याच्या देणगीवर उभा राहतो, आणि देणगी कधीही कमी होते. २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याला १२ डॉलरचे रेशन आधी १० आणि मग ८ डॉलरवर आणले. ते पुढे पूर्ववत झाले. मार्च २०२५ मध्ये पुन्हा ते ६ डॉलरवर येणार असल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात, रमजानमध्येच, १४ मार्चला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरस आणि बांगलादेशचे तेव्हाचे मुख्य सल्लागार मुहम्मद युनूस यांनी कॉक्स बझारमध्ये सुमारे एक लाख रोहिंग्यांसोबत इफ्तार केला. त्यानंतर निधी मिळाला आणि कपात टळली. इफ्तारचे ते दृश्य जगाने पाहिले. पण ताटात किती पडावे हे दूरच्या राजधान्यांत ठरते आणि ताटापुढचा माणूस त्यात काहीच करू शकत नाही, हे त्या दृश्यामागचे सत्य होते.

बांगलादेशची बाजूही समजून घ्यायला हवी. तो श्रीमंत देश नाही. कॉक्स बझारच्या स्थानिक मजुरांची मजुरी आधीच कमी, त्यात लाखो हात स्वस्तात आले तर त्यांच्या पोटावर पाय येईल, ही भीती खोटी नाही. काम मिळाले की रोहिंग्या कायमचे राहतील, ही राजकीय भीतीही आहे. पण आठ-नऊ वर्षांच्या रिकामपणाने काय दिले? मलेशियाकडे निघणाऱ्या बोटी, मानवी तस्करी, छावणीतल्या सशस्त्र टोळ्या, लहान वयात लावलेली लग्ने. ज्या तरुणाला दिवसभर काही करायला नाही, त्याला काम देणारा कुणी ना कुणी भेटतोच. तो बहुधा चांगला नसतो. आणि कधी मायदेशी परतायचे झाले, तर शिक्षण आणि कसब हरवलेली पिढी तिथे जाऊन काय उभारणार?

आपल्या मातीतला दाखला

महाराष्ट्राने याहून वेगळे चित्र पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेले हजारो पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. तेही आश्रितच होते आणि पुढे कुठे जायचे हे त्यांनाही माहीत नव्हते. पण त्या छावणीत शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती, नाटके होत होती, आणि कुटुंबे आपापली चूल पेटवत होती. तिथे वाढलेली मुले म्हातारपणी कोल्हापूरला पुन्हा आली ती कृतज्ञतेने. १९९८ मध्ये महावीर उद्यानात त्यांचे स्मारकही उभे राहिले.

पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे आली. तेच आजचे गांधीनगर, कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर असेच घडले. सिंधी बांधव भारताचे नागरिक होते, त्यांना कामासाठी कुणाची परवानगी लागली नाही. म्हणूनच हा दाखला महत्त्वाचा आहे. सर्वस्व गमावलेल्या माणसांना फक्त बाजार मोकळा मिळाला तर काय होते, हे इथे डोळ्यांनी पाहता येते. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटरची दुकाने लावणारे तिबेटीही दुसरे काय सांगतात? गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे, आणि आपले गिऱ्हाईक त्यांना दयेने नव्हे, स्वेटर चांगला आहे म्हणून पैसे देते.

आजचा भारत मात्र या प्रश्नावर स्पष्ट नाही. १९५१ च्या निर्वासित करारावर आपण सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कायदाही नाही. संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित-कार्ड हाती असले तरी त्याने कामाचा रीतसर हक्क मिळत नाही. मग माणूस मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीत, तक्रार न करता करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले तेव्हा पुण्यात मोठ्या संख्येने अफगाण विद्यार्थी शिकत होते. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि अभ्यासक्रम संपला की व्हिसाही संपतो. परत जाता येत नाही आणि इथे काही करताही येत नाही, या पेचाने शिकल्यासवरल्या तरुणांना घेरले.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

काम दिले तर आणखी लोक येतील, हा सर्वांत मोठा आक्षेप. ब्रिटन सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात कामबंदीचा फेरविचार करण्याची शिफारस केली, आणि काम मिळते म्हणून लोक येतात हा दावा पुराव्याने सिद्ध होत नसल्याचे दाखवले. माणसे कुठे जातात हे मुख्यतः भाषा, नातेवाईक, जुने संबंध आणि मिळेल ती वाट यांवर ठरते. बंदी असूनही ब्रिटनमध्ये अर्ज येणे थांबले नाही, हेही समोर आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो तर उलटाच लागू होतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२५ मध्ये सांगितले की आश्रयार्थींच्या निवासाच्या दहा वर्षांच्या ठेक्यांचा खर्च मूळ साडेचार अब्ज पौंडांवरून १५.३ अब्जांवर जाणार आहे. कमावता येणारा माणूस भाडे भरू शकतो, कर भरू शकतो. त्याला बसवून ठेवायचे आणि मग तो करदात्यांच्या पैशावर बसला आहे म्हणून हॉटेलासमोर निदर्शने होऊ द्यायची, याला काय म्हणावे? नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी मांडलेल्या नव्या आराखड्यात काम करू शकणाऱ्याने काम न केल्यास मदत थांबवण्याची भाषा आहे. ज्याला काम करूच दिले जात नाही, त्याच्याबाबतीत हा न्याय अर्धाच राहतो. शिवाय बंदीने काम थांबत नाही, ते अंधारात जाते. २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारला घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपन्यांशी आश्रयार्थींच्या हॉटेलांचे पत्ते वाटून घेण्याचा करार करावा लागला, तो दुसऱ्याच्या नावावर चालणारे चोरटे काम पकडण्यासाठी. तिथे मजुरीही कमी आणि दादही मागता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्याचा अर्ज शेवटी फेटाळला जाईल, तो कामामुळे रुजला तर त्याला परत पाठवणे जड जाते. हे खरे आहे. पण त्यावर उपाय निकाल लवकर लावणे हा आहे. सहा महिन्यांत निकाल लागला तर हा प्रश्नच फारसा उरत नाही. सरकारने स्वतःच्या दिरंगाईची शिक्षा अर्जदाराच्या दिवसाला देऊ नये.

काय करता येईल

कायदा बदलायला वेळ लागतो. तोवर काही न करता बसावे लागते असेही नाही. पण करमणूक आणि अर्थपूर्ण काम यांत गल्लत होऊ नये. आठवड्यातून एकदा चित्रे रंगवायला बोलावले, फोटो काढले आणि घरी पाठवले, याने दिवस भरत नाही. एखादे काम खरे आहे का, हे ओळखायला तीन प्रश्न पुरेत. ते त्या माणसाने स्वतः निवडले आहे का? त्याच्या हातचे कसब त्यात लागते का? तो एक दिवस आला नाही, तर कुणाचे काही अडते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की माणूस सकाळी वेळेवर उठतो.

या कसोटीवर काही साध्या गोष्टी उतरतात. पहिल्या आठवड्यापासून भाषेचे वर्ग. निवासात सामायिक स्वयंपाकघर. सार्वजनिक बागेतला भाजीचा वाफा, जो पेरला की रोज पाणी मागतो. शिकलेल्यांना आपल्याच लोकांच्या मुलांना शिकवू देणे. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांच्या जुन्या पदव्या तपासण्याचे काम निकालाची वाट न पाहता सुरू करणे. आणि मशिदी, चर्च, मोहल्ल्यांनी त्यांना इफ्तारच्या रांगेत फक्त घेणारे न ठेवता वाढणारेही करणे. वर्षभर प्रत्येक गोष्टीसाठी हात पुढे करावा लागणाऱ्या माणसाला आपल्या हाताने दुसऱ्याच्या ताटात खजूर ठेवायला मिळतो, तेव्हा तो त्या संध्याकाळी तरी यजमानांपैकी एक असतो.

आपल्यातले अनेक जण या महिन्यात जकात काढतील आणि तिचा काही भाग विस्थापितांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे जाईल. देताना एवढे जरूर विचारावे की या पैशातून धान्यासोबत शिलाई यंत्र, वह्या-पुस्तके, प्रशिक्षण यांवरही काही खर्च होतो का. सरकारांना विचारायचा प्रश्नही याच धर्तीचा आहे. किती जणांना जेवू घातले, याचे आकडे त्यांच्याकडे तयार असतात. त्यापैकी किती जणांना आज सकाळी कुठेतरी वेळेवर पोहोचायचे होते, हा आकडाही त्यांनी ठेवायला हवा.